धडधडणारं गळू

—न्हाई, न्हाई, पालथंच ऱ्हावा आकारामतात्या, धोतर अजून वाईच खाली. लाजताय कशाला? निम्म्या इस्लामपूरचे कुल्ले बघितल्यात ह्या नाथाजी न्हाव्यानं – आन् दाढी करताना जी तोंडं बघतो, ती काय त्यापरास बरी न्हाईत! बैलानं शिंग मारल्याला महिना झाला म्हणता? आन् पोटीस किती दिस बांधलं? पंधरा? बरं. बोट ठेवतो, गप पडा.

...वस्तरा ऱ्हाऊ द्या जरा. व्हय, व्हय, परवा लेकीची सुपारी, मांडी घालून बसायचंय, ठाव हाय मला! पर हे उडतंय, तात्या. ठणकणं येगळं, उडणं येगळं. पू कवा उडत न्हाई – पू कसा, कचेरीतल्या कारकुनागत पडून असतो. हे तर तुमच्या मनगटाच्या नाडीबरूबर ठेका धरतंय.

केरबाचं ऐकलंय न्हवं? आणीबाणी उठली त्या साली? बांधावरनं खुंटावर पडला, हितंच, ह्याच जागी गाठ आली. मिरजेचा डॉक्टर म्हणाला, आतली रगताची नळी चिरलीय, भवती रगताचाच फुगा धरलाय. लय खोल हाय, कापून हाताला लागायचं न्हाई. धाडला मुंबईला. तितं काय केलं? जांघेत सुईनं भोक पाडलं, त्यातनं शेवईएवढी नळी आत घातली – आन् डॉक्टरची नजर कुटं? केरबाकडं न्हाई, पडद्यावर! दवा सोडली की एक्स-रेत समद्या नसा दिसत्यात, उसाच्या मुळ्यांगत. नळी सरकवत सरकवत फुटक्या जाग्यापातूर नेली, तितं तारेचं बारकं वेटोळं सोडलं – रगात थिजलं, फुगा बंद! केरबा टक्क जागा. डॉक्टरला कारखान्याच्या निवडणुकीचं सांगत हुता म्हणं. आठ दिसांत घरी.

व्हय, फेटा मला बांधला. नारळ बी दिला. ‘नाथाजीनं बोट ठिवलं आन् वळखलं!’ चार गावांत नाव झालं, त्याच नावावर तुमी बी आलाय—

कुणी वळखलं, तात्या? कापलं मी. टोक लावलं मातूर, चिळकांडी गेली त्या आरशावर. हा अंगठा आत दाबला, तो मिरजेपातूर काढला न्हाई. केरबा बेसुद, त्येला काय ठाव? जीपवाल्या रहिमानला मी शपथ घातली. मिरजेच्या डॉक्टरनं माझ्या सात पिढ्या काढल्या, मी आयकून घेतलं. आन् फेटा बांधताना... हसलो की. दुसरं काय करणार?

असं बघू नगा. उठा, सावकाश, दाबू नगा त्येला. जीप चौकात हुबी हाय, थेट मिरज. सुपारी? ती उभ्यानं फोडा! न्हाई म्हंजे न्हाई, मी हात लावायचा न्हाई. आन् वाटंत कुण्या शान्यानं ‘नाथाजीकडनं फोडून घ्यायचं हुतं’ म्हटलं, तर सांगा त्येला. समदं सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

नेसा धोतर. जावा म्हणतो न्हवं!