झाकणापुरती जागा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, कारखान्यातील बंधुभगिनींनो, आणि खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती मिस्त्री,

मी या फर्निचर कारखान्याची एक साधी गिऱ्हाईक. मघाशी मालकांनी गमतीनं सांगितलं, की चाळीस वर्षांत मिस्त्रींचं माप एकदाच चुकलं, आणि तुम्ही सगळे हसलात. ते कपाट आमच्या घरी आहे. म्हणून दोन शब्द बोलायचे आहेत.

माझे बाबा ड्रॉइंग ऑफिसातले. नकाशे काढण्यात उभं आयुष्य गेलं. आजारपणात उजवा हात थरथरायला लागला आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, ती वर्षभर उचललीच नाही. मग त्यांचा रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यासाठी लाकडी कपाट करायचं ठरलं. मिस्त्री म्हणाले, "दादा, डिझाइन तुम्हीच काढा. मला नाही जमत ते."

यांना जमत नाही! ऐकलंत ना?

पण बाबा आठ दिवस टेबलाशी बसले. वायरींसाठी भोकं, गरम हवा जायला मागे जाळी, सगळं कागदावर उतरवलं. कपाट आलं. प्लेअर वरच्या खणात चपखल बसला, आणि त्याचं झाकण काही उघडेना! बाबांनी मिटलेल्या झाकणाचीच उंची धरली होती. आता ही पेन्सिल कायमची सुटणार, असं मला वाटलं. बाबा कागदाकडे हात नेणार, तोच मिस्त्रींनी तो घडी करून खिशात घातला.

"चुकलो, दादा. तुम्ही बरोबर दिलं होतं, मीच खण बुटका केला."

चार दिवसांत त्या फळीला ड्रॉवरचे चॅनेल लागले. फळी बाहेर ओढायची, मग झाकण उघडायचं. बाबा येईल त्याला ऐकवायचे, "डिझाइन माझं, घोळ मिस्त्रींचा!" आणि हे मिस्त्री शेजारी बसून मान डोलवायचे. पुढे बाबांनी शेजाऱ्यांना तीन कपाटांची डिझाइनं काढून दिली. हात थरथरायचा तो थरथरायचाच.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्याआधी एकदा मला जवळ बसवून म्हणाले, "माप माझं चुकलं होतं गं. मला त्याच दिवशी कळलं. पण तो इतक्या मायेनं खोटं बोलला, की मला ते खोडवेना. तू कधीतरी चारचौघांत सांग."

मिस्त्री, मान वर करा. सांगितलं मी.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि मिस्त्री, ही चूक तरी स्वतःवर घेऊ नका, तेवढी माझ्याच नावावर राहू द्या.