बिनदाराच्या गावातली गाडी

गोरक्षनाथ : म्हंजे मॅडम, मी गाडी आत्ता शिकलो म्हणून इमा जादा पडतोय का? लायसन येऊन महिना बी झाला न्हाई.

पंकजा : नाही हो काका. विम्याला ड्रायव्हर नवा का जुना ते बघत नाहीत, गाडी बघतात. आधीच्या मालकानं कधी क्लेम केला नव्हता, म्हणून त्याला सूट होती. ती सूट माणसाची असते. गाडी विकली तरी त्याच्याकडंच राहते.

गोरक्षनाथ : घ्या! गाडी आली, स्टेपनी आली, जॅक आला, अन् सूट तेवढी त्यानं ठिवून घेतली. मग सगळ्यात स्वस्तातला कोनता?

पंकजा : थर्ड पार्टी. दोन-अडीच हजारात होईल. कायद्यानं तेवढा लागतोच. तुमच्या गाडीनं दुसऱ्या कुणाला लागलं तर कंपनी भरते. तुमच्या स्वतःच्या गाडीचं काही झालं तर मात्र काही मिळत नाही. ठोकली, जळाली, चोरीला गेली...

गोरक्षनाथ : जरा हळू बोला.

पंकजा : का? आपण दोघंच तर आहोत इथं.

गोरक्षनाथ : दार उघडं हाय. लावता का?

पंकजा : लावा की तुम्हीच. तुमच्या हाताशीच आहे.

गोरक्षनाथ : कुनीकडं वढायचं ह्ये?

पंकजा : आत ओढा. हं, तसं.

(काचेचं दार लागतं. बाहेरच्या बाजाराचा आवाज कमी होतो.)

पंकजा : बोला आता.

गोरक्षनाथ : चोरीचं ज्याच्यात हाय, तो केवढ्याला बसंल?

पंकजा : तो फुल विमा. नऊ हजारांच्या पुढं जाईल.

गोरक्षनाथ : मग असं करा. त्यातली आग काढा. ठोकाठोकी काढा. निस्ती चोरी ठिवा.

पंकजा : काका, महिन्याभरापूर्वी गाडी शिकलेला माणूस ठोकायचं काढून चोरीचं ठेवतोय, हे मी पहिल्यांदाच ऐकते. पहिल्या सहा महिन्यांत सगळेच कुठंतरी घासतात.

गोरक्षनाथ : घासली तर माझ्या हातानं घासली, आसं गावात सांगता येतं. लोक हसतील, इषय संपला. चोरीचं तोंडातून काढता येत न्हाई.

पंकजा : आमच्याकडं तसं तुकडे पाडून मिळत नाही. आणि एक विचारते. गाडी उभी केल्यावर लॉक करता ना? चोरी झाली तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. किल्ली गाडीतच होती असं निघालं तर पैसे विसरा.

गोरक्षनाथ : करतो. रिमोटनं केलं की पीं पीं वाजतं, सारी आळी वळून बघती. म्हणून हातानं किल्ली फिरवतो. त्याचा बी खट्ट आवाज येतो, तवा त्याच टायमाला जोरात खाकरतो.

पंकजा : अहो, स्वतःची गाडी लॉक करायला...

गोरक्षनाथ : आमच्या गावात कुनाच्याच घराला दार न्हाई मॅडम. चौकट अन् पडदा. देव राखण करतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला पारावर बसून मीच सांगतो, हितं चोरी होत न्हाई, कुलूप इकत कुनी घेत न्हाई. अन् मीच चोरीचा इमा काढला आसं कळलं तर? गावच्या चार एजंटांना टाळून नेवाशाला आलो, ते काय उगं?

पंकजा : मग काढता कशाला तात्या?

गोरक्षनाथ : मंडळीचं डायलिसिस हाय. आठवड्यातून दोनदा नगर. भाड्याच्या गाडीनं पार वाळलो, म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी स्टेरिंग धरलं. ही गाडी गेली तर दुसरी न्हाई हुनार. पडद्याआडून दहादा बघतो, जाग्यावर हाय का. देवावर भरवसा हाय हो. पर झोप लागत न्हाई... थांबा. तात्या म्हन्ला तुमी.

पंकजा : हो.

गोरक्षनाथ : ते गावात म्हंत्यात. कागदावर गोरक्षनाथ हाय. तुमी कोनाच्या?

पंकजा : साळूबाईची पंकजा.

गोरक्षनाथ : (खुर्ची मागं सारून उठतो) साळूबाईची?

पंकजा : पाणी घ्या.

गोरक्षनाथ : माझी कागदं द्या इकडं. मी नगरला बघतो.

पंकजा : बसा तात्या. कुणाला सांगणार नाही मी. आधी काम करू.

गोरक्षनाथ : पैल्यापासून वळाकलं हुतं?

पंकजा : आत आलात तेव्हाच. पंधरा वर्षं झाली, पण तुमचा आवाज नाही विसरले. मी आठवीत होते. बाबा गेल्यावर आईनं पत्र्याचं दार बसवून घेतलं. आतून कडी. चौथ्या दिवशी तिला पारावर बोलावलं.

गोरक्षनाथ : मीच बोललो हुतो.

पंकजा : काय बोललात, आठवतं?

गोरक्षनाथ : जिला देवाचा भरवसा न्हाई, तिनं ह्या गावात ऱ्हाऊ न्हाई.

पंकजा : आई नुसती उभी होती.

गोरक्षनाथ : मला वाटलं, तिच्यापाशी उत्तरच न्हाई.

पंकजा : आमच्या घरात चोरण्यासारखं होतं काय तात्या? एक पितळी हंडा अन् दोन पोती बाजरी. चोराला नव्हती ती भीत. बाई एकटी, पोरगी तेरा वर्षांची, आणि अंधार पडला की पडदा बाजूला सारून एक जण आत यायचा. काडेपेटी द्या म्हणायचा. रोज नवं काहीतरी मागायचा, अन् जायचा नाही. आई खुरपं उशाशी घेऊन बसून राहायची. हे पारावर कुणाला सांगणार ती? तो तिथंच बसलेला होता, तुमच्या शेजारी.

गोरक्षनाथ : कोन? नाव सांग मला.

पंकजा : मेला तो. आता नाव घेऊन काय करायचं?

गोरक्षनाथ : मला म्हाईत नव्हतं पोरी. आईशप्पथ म्हाईत नव्हतं.

पंकजा : विचारलंच नाहीत ना.

गोरक्षनाथ : त्या दाराच्या बिजागऱ्या बी मीच खोलल्या. पाना घरून आणला हुता. चार माणसं वा वा करत हुती, अन् मला बी बरं वाटत हुतं. दुसऱ्या दिशी तुमचं घर मोकळं दिसलं, तवा म्हन्लो, गेली ते बरं झालं. अन् आज मी जुन्या गाडीला कुलूप लावतोय, ते बी खाकरून. लाज वाटती गं. तुझ्याकडं बघवंना मला.

पंकजा : माझ्याकडं नका बघू, मोबाईलकडं बघा. ओटीपी आला असंल.

गोरक्षनाथ : कसला? मी अजून सांगितलं कुठं, कोनता काढायचा ते?

पंकजा : फुल काढलाय. काकूंचं जाणं-येणं आहे, स्वस्तातल्याच्या नादी लागू नका. माझ्या कमिशनातून थोडं कमी करता आलं असतं, पण ते नियमात नाही, आणि खरं सांगू का, मनातही नाही.

गोरक्षनाथ : नगं करू. पुरं घे. चार, आठ, शून्य... थांब, चष्मा... शून्य, दोन, सात.

पंकजा : झालं. कागद मोबाईलवर येईल. आणि घरी गेल्यावर लॉक करा, खाकरू नका.

गोरक्षनाथ : रिमोटनंच करीन. वाजू दे. कुनी इचारलं तर सांगीन, भ्या वाटतं म्हणून लावलं. साळूबाईला बी वाटत हुतं, ते बी सांगीन पारावर.

पंकजा : ते तुमचं तुम्ही बघा.

गोरक्षनाथ : आई... हाय ना?

पंकजा : आहे की. ह्याच दुकानाच्या वर राहतो आम्ही.

गोरक्षनाथ : वर जाऊ का?

पंकजा : मी नको म्हणत नाही. बाजूनं जिना आहे.

गोरक्षनाथ : पडद्यातून हाक... न्हाई, दार असंल. मग हाक मारून सरळ आत जाऊ ना?

पंकजा : नाही तात्या. दार वाजवायचं अन् बाहेर थांबायचं. उघडायचं का नाही, ते तिचं ती ठरवंल.