रविवारचं तेल

निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुका जमा करायला शिरूरला ठाण्यासमोर रांग लागली होती. माझ्या पाठीमागं दोघं बोलत होते.

"आप्पा, नळीवर गंज चढलाय की. तुम्ही तर दर रविवारी तेल द्यायचा."

"आता न्हाई देत, बन्यामीन."

"का हो?"

"त्या रविवारी तेलच देत हुतो. बंदूक खोलून पोत्यावर मांडलेली. गोठ्याकडनं तुझी काकी वरडली. मी जोडूस्तवर बिबट्यानं तिला उसात वढत नेलं."

"देवा!"

"तवापास्नं खोललीच न्हाई. कायम भरूनच ठेवतो."

"म्हंजी आत्ता पण भरलेलीच हाय?"

"व्हय."

"आप्पा, तोंड वर करा तिचं. फुडं माणूस उभा हाय."