पांढऱ्या टबातलं कासव

नाही, म्हणजे तुम्ही काय समजून आलात ते कळतंय मला — मीही काहीतरी समजूनच आले होते की. तुम्हाला वाटलं सोनेरी रंगाचं चावरं कासव आहे, लाखात एखादं, क्लोटिलनं टाकलेला फोटो पाहिलात आणि ह्यूस्टनहून गाडी हाणत निघालात. मला वाटलं होतं, ते कासव माझ्यासाठी आहे. हसा, हसा. पण गाडी पुलापलीकडे नेऊ नका, घर तिथंच आहे, त्या सायप्रसच्या झाडांमागे — थांबा ना जरा, उगाच नाही अडवलं तुम्हाला.

आमच्याकडे चावरं कासव धरलं की लगेच कापत नाहीत. आठवडाभर स्वच्छ पाण्यात ठेवायचं, रोज पाणी बदलायचं, पोटातला चिखल गेला की मग रस्सा. घरचं माणूस लांबून येणार असलं तर ठेवतातच. तर क्लोटिल, माझी चुलत बहीण, फोनवर म्हणाली, पापानं न्हाणीघरातल्या टबात कासव ठेवलंय गं! झालं. मी इतकी वर्षं उत्तरेत, बर्फात राहून शिकले — सरपटणारे प्राणी हाच माझा विषय — आता घरी जायचं, बायूचे, म्हणजे आमच्या या संथ, दलदलीच्या खाडीचे काठ वाचवायचे, गवत लावायचं, शाळेत जाऊन मुलांशी बोलायचं, डोक्यात नुसत्या योजना. विमानात बसून भाषण तयार केलं. पापा, मी हे खाणार नाही, आपण दोघं मिळून याला सोडून देऊ. मग पापा चिडणार, मग हसणार, मग म्हणणार, शिकून मोठी झाली पोर. सगळं ठरलं होतं माझं. आणि बघते तर काय — दारात कुणी नाही, चुलीवर काही नाही, आणि टबात हे. जुन्या हस्तिदंतासारखं. चावरं कासव कसं असतं? काळं, शेवाळलेलं, बुडालेल्या ओंडक्यासारखं, असंच ना? हे पिवळट पांढरं, पाय पांढरे, शेपटी पांढरी. मी हात पुढे केला तर चावलंही नाही — मान लांब केली आणि हनुवटी वर धरली, खाजव म्हणून! मी म्हटलं, पापा, हे माझ्यासाठी ना? तर म्हणाले, ‘तुझं नाही ते. ज्यूलचं आहे.’

ज्यूल म्हणजे माझा मोठा भाऊ. कोळंबीच्या बोटीवर होता. तो परतायचा होता त्या आठवड्यात पापानं हे धरलं, टबात सोडलं. बोट सापडली, उलटी. तो नाही. त्याला आता दोन हिवाळे झाले. तेव्हाच मी तिकडून निघाले होते, तर पापा फोनवर म्हणाले, ‘कशाला येतेस? काही झालेलं नाही. आला की तोच फोन करील तुला.’ पाद्रीबाबांना चर्चमध्ये त्याच्या नावानं मास, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, करू दिली नाही, थडग्यावर नाव घालू दिलं नाही. आणि कासव तसंच टबात. कापायचं नाही, कारण ज्यूल आल्यावर कापायचं. सोडायचं नाही, कारण मग ज्यूल आल्यावर काय करणार?

तर रंगाचं विचारताय ना — जातीचा रंग नाही हो तो! पांढऱ्या टबात, चिखल नाही, शेवाळ नाही, वर पापा रोज ब्रशनं पाठ घासतात. कासव भोवतालचा रंग घेतं हळूहळू. पुन्हा चिखलात ठेवलंत तर होईल काळं. तुम्ही काय विकत घेणार साहेब, आमची दोन वर्षं? ... नाही, रागावले नाही. तुम्हाला कसं ठाऊक असणार.

त्याचं वागणंही सरळ नाही. बाहेर गाडीचं दार वाजलं की पुढचे पाय टबाच्या कडेवर टाकून उभं राहतं. कुणाचीही गाडी असो. पापा म्हणतात, ‘बघ, त्यालाही वाटतं.’ मी समजावलं — पापा, त्याला खाऊ मिळतो त्या वेळेला, सवय आहे ती, जनावर वाट बघत नाही कुणाची. ऐकतील तर ना! मग परवा माझा तोल गेला. मी म्हटलं, पापा, तो येणार नाहीये. आमच्या घरात हे वाक्य कुणीच उच्चारलं नव्हतं, क्लोटिलनंसुद्धा नाही. मला वाटलं ओरडतील, निदान ओरडतील तरी. उठले, ब्रश घेतला, कासवाची पाठ घासायला बसले.

म्हणून काल, पापा जाळी शिवायला गेले तेव्हा, उचललं मी त्याला. जड आहे, तुम्हाला वाटतं त्याहून जड. माझे बूट शहरी, चिखलात रुततात, म्हणून दाराशी ज्यूलचे पांढरे रबरी बूट होते ते चढवले. दोन वर्षं तिथंच उभे आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही — पण मी काय, मुक्तीच द्यायला निघालेली! काठावर ठेवलं, म्हटलं जा. आणि तिथं त्या काळ्या चिखलात ते इतकं दिसत होतं, इतकं — वाळत घातलेल्या चादरीसारखं. लपणार कुठं? मगरीला लांबून दिसलं असतं. पाण्याशी गेलं, नाक बुडवलं, आणि वळलं. घराकडे तोंड करून चढ चढायला लागलं. मी चिडायला हवं होतं ना? मी तिथं गवतात बसून रडले हो, बरं वाटलं म्हणून रडले. ते गेलं असतं तर ज्यूल गेला असता — असं मला वाटलं, मला, एवढं शिकलेल्या बाईला. तुम्हाला हे कशाला सांगतेय मी? असो. उचलून आणलं, टबात ठेवलं, बूट दाराशी काढले, पापा यायच्या आत अंथरुणात शिरले. धुतलं नाही काही.

आज सकाळी जाग आली ती वासानं. रश्श्यासाठी तेलात मैदा परतल्याचा वास, आईच्या वेळेसारखा. क्षणभर वाटलं, माझ्यासाठीच. खाली आले तर पापा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून शेगडीपाशी उभे, कांदा चिरलेला, ढोबळी मिरची चिरलेली, टेबलावर कुऱ्हाड. ‘शू,’ म्हणाले, ‘हळू. झोपलाय तो.’ कोण? ‘कोण काय? ज्यूल! बूट बघ, ओले आहेत. आणि कासव चिखलानं माखलंय — खाली नेऊन आणलं असणार त्यानं. पहिल्यापासून असाच तो, आधी जनावर बघणार, मग माणसं.’ असे हसत होते... मी आल्यापासून एकदाही तसे हसले नव्हते.

आता मी म्हणजे खरं बोलणारी. खोट्यावर माणूस जगत नाही, हे मी तिकडे मैत्रिणींना शिकवायचे. बूट मी घातले होते पापा, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि माझं लक्ष ज्यूलच्या खोलीच्या दाराकडे गेलं. बंद होतं. शेगडीपासून चार पावलांवर. दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो पोरगा दारापलीकडे झोपलाय म्हणतात, आणि दार उघडून बघितलं नाही? किल्लीच्या भोकातूनसुद्धा नाही? दाराकडे पाठ करून उभे होते. मैदा करपत होता, काळा होत होता — माझ्या पापांचा मैदा करपतो कधी? ते ढवळत नव्हतेच, माझ्याकडे बघत होते. हसू अजून तोंडावर होतं, पण हातातला झारा भांड्याच्या कडेवर वाजत होता. म्हणाले, ‘नोएली, उठवू का त्याला?’

मी म्हटलं, नको पापा. दमून आलाय. झोपू दे त्याला.

गाडी इथंच वळवा. दार आपटू नका.