बहिणीचा हिस्सा

मी बाभुळगावची, बांगडीवाल्याची पोर. बाजारात बाप बांगड्या भरायचा न मी बाजूला बसून भाव करायची, त्या जिभेवरच पुढं यवतमाळात नोकरी मिळवली, वशिला नाही का काही नाही. नोकरी करारावरची. ज्या बाईवर जुलूम झाला तिच्यासंग ठाण्यात बसायचं, कोर्टात जायचं, धीर द्यायचा. साहेब लोक तोंडावर शमीमबाई म्हणत, पाठीमागं भांडखोर. म्हणोत.

कापसाचे वाईट दिवस होते ते. भावच नव्हता, तं लोकांनी कापूस घरातल्या खोल्यांत कोंबलेला. तसल्याच खोलीत एका वावरमालकाच्या पोरानं संगीतावर हात टाकला. संगीता त्यांच्याच वावरात वेचायले जाये, नवरा वारलेला. तिनं ठाण्यात रपट दिली, पण कोर्टातला जबाब बाकी होता, आन काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं जबाबाच्या आधी समेट येते. साडीचोळी, नारळ, पेढे, आन त्याच माणसाले राखी बांधायची. झाली बहीण, मिटलं.

तसेच आले तिच्या घरी, मालक, पोरगा, गावातले शहाणे. मी तिच्यापाशीच बसून होती. मालक मले म्हणे, शमीमबाई, तुम्ही सौद्यात हुशार, जमवून द्या. संगीताची माय म्हणे, बांध बाई, इथंच राहाचं हाय आपल्याले. संगीता राखी धरून माझ्याकडं पाहून राह्यली. मी म्हणलं, तुले बांधायची हाय का? तिनं मान हलवली, नाही.

बस. मी म्हणलं, मालक, सौदा हाय तं पुरा करू, बहीण म्हणता ना, मग सातबाऱ्यावर बहिणीचं नाव चढवा, मग बांधते ती राखी. मालक लाल झाला, म्हणे वावर का रस्त्यावर पडलं हाय? मी म्हणलं, मग ही का रस्त्यावर पडली होती? हो म्हणले असते तं, असं तुम्ही विचारसान. नसते म्हणले. गिऱ्हाईक कोणत्या भावाले उठून जाते ते मले समजते. पेढे उचलून गेले, साडी राह्यली, तं तिची मायच ती त्यांच्या ओट्यावर फेकून आली.

संगीतानं जबाब दिला, पोराले सजा झाली. पण गावात तिले कोणी वेचायले बोलवेना, मायले घेऊन वणीले गेली, तिथं ट्रकवाल्यांची खानावळ चालवते. माझ्यावर तक्रार, बाई समेट मोडते. साहेब म्हणे, तुमचं काम धीर द्यायचं, तोंड चालवायचं नाही. पुढचा करार दिला नाही. तो राग अजून जात नाही माझा.

आता ठाण्यातलेच लोक कधी निरोप पाठवतात, शमीमबाई, एक बाई बोलूनच नाही राह्यली. मी म्हणते, मले काढलं ना रे, आता कायले बोलावता? शिव्या देतच चप्पल घालते. काय करता, ती बाई तिथं एकटी बसून असते.