शेठचा पिटबुल आणि चिकूचा क्रेट

पिटबुल कसा सांभाळायचा ते मला कोणी शिकवू नका. कोसबाडच्या वाडीवर मी एक सरळ केलाय.

आमचे शेठ मुंबईचे. चिकूच्या राखणीला त्यांनी राजा नावाचा पिटबुल आणून सोडला आणि मला, वाडीवरच्या कामकरणीला, बजावलं, "याला चिकन घाल आणि बांधून ठेव." आठ दिवसांत राजानं खाटेचा पाय, पाण्याचा पाइप आणि माझी चप्पल, सगळ्याचा चुरा केला. मी म्हटलं, बैल नुसता बांधून ठेवला तर तोही दावं तोडतो, याचा काय दोष? त्याच्या छातीला गोणपाटाचा पट्टा बांधला आणि चिकूचा भरलेला क्रेट ओढायला लावला. चार फेऱ्या झाल्या की गडी माझ्या पायाशी घोरत पडायचा.

एक दिवस शेठ आले, ते बघून भडकलेच. "एवढ्या महागाच्या कुत्र्याचा बैल केलास? उद्यापासून कामाला येऊ नकोस!" राजाला गाडीत घातलं आणि निघाले.

चारोटी नाक्यावरून त्यांचा फोन. "अगं, हा मागची सीट फाडतोय! काय करू?"

मी म्हटलं, "वळवा गाडी, शेठ. क्रेट मी भरूनच ठेवलाय."