मिरची फिकी न्हवती

माझं माहेर कर्जतकडचं, दिली श्रीगोंद्याला. मालक गेल्यावर मिरची कांडायचं मशीन टाकलं आन् त्याच्यावरच पोराला वाढवला, त्याचं लगीन केलं. सून आली, सोनाली. शिकलेली, पन कामाला वाघ. काय सांगू तुमाला ताई, पोटची पोर बी येवढं करनार न्हाई.

आता मिरचीच्या धंद्यात शिंका कोन मोजतंय? माझं सुदिक नाक बारा महिने गळतंय. तिचं नाक चोंदलेलं, कपाळ ठनकायचं, मी म्हनायची बाम लाव, हुईल सवय. मग एक दिवस तिखट चाळताना म्हनली, आत्या, ही मिरची फिकी दिसतीय, इटंवानी. समोर गिऱ्हाईक, आन् त्याचीच मिरची! माझं डोस्कंच फिरलं. म्हनलं, बये, धंदा बसवती का माझा? तर म्हनती, उजवा डोळा झाकला की फिकी दिसती, डावा झाकला की लाल. मी म्हनलं, नाटकं बास कर. चार लोकांत बोलले वो. ती खाली मान घालून चाळत बसली.

पुढं डाव्या डोळ्यानं अंधुकच दिसाया लागलं. श्रीगोंद्याचे डॉक्टर म्हनले, डोळा वरनं चांगला हाय, मोतीबिंदू न्हाई, पन मागची नस दबत असंल, आजच नगरला जा. मी आपलं ‘डोळा चांगला हाय’ तेवढंच धरून बसले. ऐन उन्हाळा, दारात मिरचीच्या पोत्यांची रांग, म्हनलं सीझन सरू दे. पोरगं ट्रकवर लांब गेल्तं, त्याला बी कळवू दिलं न्हाई. तीन आठवडे, ताई, तीन आठवडे मी तिला मशीनवर बसवली.

नगरला स्कॅन केला. रोग डोळ्यात न्हवताच, नाकामागं हाडात पोकळी असती म्हनं, तिथं साचून फुगलं आन् डोळ्याची नस दाबली. डॉक्टर म्हनले, असं लई कमी जनांना हुतं, पन लगीच आनली असती तर डोळा वाचायची आशा हुती. नाकातनं ऑपरेशन केलं. डोकं दुखायचं राहिलं, नाक मोकळं झालं, डोळा काय आला न्हाई.

ती माझ्याशी भांडली असती तर बरं वाटलं असतं. मीच एकदा म्हनलं, सोने, माझ्यामुळं झालं गं. तर म्हनली, आत्या, तुमाला तरी काय ठावं? ती म्हनली खरं, पन डॉक्टरनं सांगितलेलं ठावं हुतं की मला.

आता बाजारात मी तिच्या डाव्या अंगानं चालते, तिकडनं गाडी आली तर तिला कळत न्हाई. बाया म्हनत्यात, सासू असावी तर अशी. देवा, तिचा उजवा तेवढा राख, आन् घ्यायचाच असंल तर माझे दोनी घे.